करी रोडचं ‘प्राचीन नक्षी’ वर्कशॉप: माती छान, गोष्टी जरा जास्तच

आधी हिशोब सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते इथेच सुटतील. माणशी २८०० रुपये, रविवारी सकाळी साडेदहा ते संध्याकाळी पाच, जेवण त्यातच, माती-रंग-भट्टी सगळं त्यांचं. करी रोडला उतरून चालत दहा मिनिटं, जुन्या गाळ्यांच्या इमारतीत दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि हे ‘लिफ्ट नाही’ बुकिंग करताना कुठेही सांगितलेलं नाही. पाचपैकी तीन स्टार देतेय. त्यातले दोन मातीकाम शिकवणाऱ्या दादांचे, एक दुपारी अर्धा तास आलेल्या पोरीचा. बाकीच्या सगळ्याला भोपळा. स्टुडिओचं नाव मुद्दाम टाकत नाही, मला कोणाशी भांडायचं नाहीये, पण असली वर्कशॉपं सध्या ढिगाने निघालीत, जाणार असाल तर काय बघायचं आणि कशाकडे कानाडोळा करायचा ते कळावं म्हणून लिहितेय.

सोबत मावशी होती. ती शिरूरकडची, गुडघा दाखवायला आमच्याकडे मुलुंडला आलीये आणि टीव्हीसमोर बसून बसून वैतागली होती. मी तिला जाहिरात वाचून दाखवली, ‘हडप्पा, दायमाबाद, इनामगाव: ५००० वर्षं जुन्या नक्षीची रहस्यं’. तर म्हणाली, इनामगावात कसलं आलंय रहस्य, तिकडं ऊस असतो. तिच्यासाठी इनामगाव हे पुस्तकातलं नाव नाहीच, एसटीच्या पाटीवरचं आहे. घोड नदीच्या काठी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्ववाल्या लोकांनी १९६८ पासून जवळजवळ पंधरा वर्षं उकरलं हे मात्र तिला पक्कं ठाऊक, कारण तेव्हा आसपासच्या गावांतून लोक बघायला जायचे. आणि हो, इनामगावची वस्ती सुरू होते इ.स.पू. १६०० च्या आसपास, म्हणजे साडेतीन हजार वर्षं. ५००० चा आकडा हडप्पाचा, तो सरसकट सगळ्यांना चिकटवलेला. जाहिरातीतच गडबड होती, मीच घाईत बुकिंग केलं.

तर सकाळचं सेशन. स्टुडिओ चालवणाऱ्या मॅडमनी प्रोजेक्टर लावला. नागमोडी रेघ म्हणजे पाणी. त्रिकोण म्हणजे स्त्रीशक्ती. एकात एक वर्तुळं म्हणजे ब्रह्मांड. जाळी म्हणजे शेत आणि शेत म्हणजे सुबत्ता. गोल गोल वळत जाणारी रेघ म्हणजे कुंडलिनी. प्रत्येक स्लाइडला एक चिन्ह नि एक अर्थ, जसं काही त्या लोकांनी भांड्यांबरोबर डिक्शनरीपण पुरून ठेवली होती. दीड तास हेच. एसी बंद, पंखा एक, श्रावणातला दमट उकाडा. मावशीने शेवटी हात वर केला, शाळेत करतात तसा, आणि विचारलं, “ताई, हे त्यांनी कुठं लिहून ठेवलंय का?” मॅडम गोड हसल्या, म्हणाल्या ही सगळी सिम्बॉलिक लँग्वेज आहे, ती फील करायची असते. आता इनामगावच्या लोकांकडे लिपी नव्हती. हडप्पावाल्यांकडे होती पण ती आजतागायत कोणाला वाचता आलेली नाही. मग त्रिकोणाचा अर्थ सांगितला कोणी? मी गप्प बसले कारण मागच्या दोघीजणी मन लावून नोट्स काढत होत्या.

बारा वाजून गेले तेव्हा कुठे हात मातीत गेला. आणि इथून पुढचं मात्र पैसे वसूल.

दादा धारावीच्या कुंभारवाड्यातले. मूळचे सौराष्ट्रातले पण तीन पिढ्या इथेच, मराठी फर्डं, मधूनच गुजराती हेल. त्यांनी एकही स्लाइड दाखवली नाही. मातीचा गोळा दिला, लांब वळ्या करायला लावल्या, आणि वळीवर वळी चढवत वाटी उभी करायला सांगितली. माझी वाटी हातभर मोठी करायच्या नादात मध्येच बसायला लागली, पोट सुटलं तिचं. दादा आले, बघितलं, म्हणाले सुतळी गुंडाळा. स्टुडिओने टेबलावर ठेवलेली दोरी होती निळी नायलॉनची, ती त्यांनी बाजूला सारली आणि खिशातून साधी सुतळी काढली, वाटीच्या पोटाला तीन वेढे घट्ट दिले, झालं, पोट जागच्या जागी थांबलं. जेवून आलो, माती जरा आवळली होती, सुतळी सोडली. आणि खाली काय, तर पिळाचा ठसा. बारीक तिरक्या रेघा, एकीला एक खेटून, तांदळाचे दाणे ओळीत मांडल्यासारख्या, तीन पट्टे, पूर्ण गोल. मी अशी नक्षी दिवसभर बसून काढली नसती इतकी सारखी. शेजारच्या बाईंनी वही उघडून विचारलं, याचा अर्थ काय? दादा म्हणाले, “अर्थ म्हणजे भांडं पडलं नाय.”

मला तिथेच सगळं वर्कशॉप कळलं.

हडप्पाकाळच्या मोठमोठ्या रांजणांवर असेच दोरीचे वळ आहेत, ओला रांजण वाळेस्तोवर फाकू नये म्हणून बांधलेल्या दोरीचे. जपानमध्ये तर हजारो वर्षांच्या एका अख्ख्या काळालाच ‘जोमोन’ म्हणतात, आणि जोमोनचा अर्थ आहे दोरीचा ठसा. त्याची गोष्ट दुपारच्या पोरीने सांगितली, मला फार आवडली. मोर्स नावाचा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ १८७७ मध्ये जपानला गेला होता समुद्रातले प्राणी अभ्यासायला, आणि योकोहामाहून टोकियोला जाताना रेल्वेच्या खिडकीतून त्याला ओमोरी स्टेशनजवळ शिंपल्यांचा ढीग दिसला. तिथे खणलं तर ही दोरीची भांडी. आम्ही तीस वर्षं लोकलच्या खिडकीतून बाहेर बघतोय, आम्हाला फक्त होर्डिंगं दिसतात. पण जपानमध्ये काय झालं बघा, सुरुवात कशीही झाली असो, पुढे त्यांनी मुद्दाम दोऱ्या वेगवेगळ्या वळून, गाठी मारून, ओल्या मातीवर लाटण्यासारख्या फिरवून नक्षी काढायला घेतली. म्हणजे कामाची खूण होती ती हौसेची झाली.

हेच मावशीने एका वाक्यात सांगितलं. दादा वाटीच्या काठाला बोटाने दाबून दाबून वळण द्यायला शिकवत होते, दोन वळ्यांचा सांधा पक्का बसतो त्याने. मावशीचा हात बघितला तर भराभर चाललेला, आमच्या सगळ्यांच्या पुढे. दादा बघतच राहिले. ती म्हणाली, अहो ही तर करंजीची मुरड. “मुरड काय शोभेला घालतो का आपण? सारण तेलात सुटू नये म्हणून घालतो. मग ज्या सुनेची मुरड सुबक तिचं कौतुक.” आणि खरंच, जुन्या साठवणीच्या भांड्यांवर बोटांनी दाबलेले असे मातीचे पट्टे जगभर सापडतात, आपल्याकडच्या ताम्रपाषाण, म्हणजे तांब्या-दगडाची हत्यारं वापरणाऱ्यांच्या, वस्त्यांमध्येही. सांधा झाकायचा, भांड्याला कंबरपट्टा द्यायचा, आणि बोटं चालतच आहेत तर मग सारख्या अंतरावर चालवायची. मॅडमच्या स्लाइडवर याच पट्ट्याला ‘अनंताची साखळी’ म्हटलं होतं.

भूमध्य समुद्राकाठच्या एका फार जुन्या प्रकारच्या भांड्यांना तर नावच एका शिंपल्यावरून पडलंय, कार्डियम. शिंपल्याची दातेरी कड ओल्या मातीत टेकवत जायची, झाली नक्षी. म्हणजे जेवणातून उरलेलं शिंपलं हेच ब्रश. दादांनी आम्हाला केसांची फणी दिली होती, तुटकी, चार दातांची. भांडं फिरवत फणी खालीवर केली की एकदम चार समांतर नागमोडी रेघा उठतात. पाणीबिणी काही नाही, फणी आणि मनगट. मी तीनदा केलं, चौथ्यांदा थांबता येईना, पुढच्याला फणी द्यायची राहिली.

जेवणाबद्दल एवढंच की पुलाव गार होता आणि ताक छान.

दुपारी ती पोरगी आली, आर्किऑलॉजीत एमए करतेय म्हणाली, खांद्याला झोळी, झोळीत पंधरा-वीस खापरं. खरी जुनी नाहीत, तिने स्वतः करून भाजलेले नमुने, एकेक खापर म्हणजे एकेक पद्धत, ते तिने आधीच सांगून टाकलं ते बरं केलं. तिला मॅडमनी फक्त अर्धा तास दिला होता. मी म्हणेन सकाळचा दीड तास तिला द्या आणि मॅडमना अर्धा तास चहाची व्यवस्था बघू द्या.

तिने पहिलं खापर हातात दिलं त्यावर टोपलीच्या विणीचा ठसा होता. म्हणाली भांड्यावरची नक्षी आली कुठून यावर दीडशे वर्षांपासून वाद आहे. सेम्पर नावाचा एक जर्मन आर्किटेक्ट होता, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातला, त्याचं म्हणणं नक्षी जन्माला येते ती कामातून, विणण्यातून, गाठी मारण्यातून, आणि मग एका मटेरियलमधून दुसऱ्यात जाते. टोपली विणताना तिरके चौकोन आपोआप येतात, ते टाळताच येत नाहीत, आणि मग टोपलीच्या जागी मातीचं भांडं आलं तरी हाताला नि डोळ्याला सवय लागलेली असते, भांडं टोपलीसारखं दिसलं नाही तर ते भांडं वाटतच नाही. यावर आमच्या मावशीबाई म्हणतात, “म्हणजे आपलं प्लॅस्टिकचं सूप.” पोरगी थांबली. मावशी म्हणाली, बांबूचं सूप विणलेलं असतं, हल्ली बाजारात प्लॅस्टिकचं मिळतं, त्याला वीण असायचं काही कारण नाही, साच्यातून निघतं ते, तरी त्यावर विणीच्या रेघा कोरलेल्या असतातच की. पोरीने वही काढून ते लिहून घेतलं! मी नंतर घरी येऊन बघितलं तर बाल्कनीतल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीच्या पाठीलाही वेताची वीण आहे, आठ वर्षं त्यावर टेकून बसतेय, कधी लक्ष गेलं नव्हतं.

मग विषय कणगीवर गेला आणि मावशीला आवरणं कठीण झालं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कणगी म्हणजे धान्य साठवायची विणलेली मोठी टोपली, आतून-बाहेरून शेणमातीने लिंपलेली. मावशीच्या माहेरी दोन होत्या. पोरगी म्हणाली बलुचिस्तानात मेहरगढला अगदी सुरुवातीच्या थरांत मातीची भाजलेली भांडी नाहीतच, पण डांबर लावलेल्या टोपल्यांच्या खुणा आहेत. म्हणजे आधी टोपली, मग टोपलीला लेप, मग कधीतरी लेपच भांडं. मावशीला हे इतकं पटलं की तिने तिथेच निकाल लावून टाकला, बास, कणगी जळली असणार कुणाची तरी आणि उरलेल्या भाजक्या मातीत पाणी थांबलेलं बघून सुचलं असणार. हे तिने स्वतःच्या डोक्याने सांगितलं, पण असाच तर्क फार पूर्वी अभ्यासकांनी मांडलेला आहे म्हणे. फक्त पोरीने लगेच ब्रेक लावला. चीनमध्ये जियांगशी प्रांतात शियानरेनदोंग नावाची गुहा आहे, तिथली खापरं २० हजार वर्षांपूर्वीची निघाली, शेतीच्या कितीतरी आधीची, शिकार करून खाणाऱ्या लोकांची. तेव्हा सगळीकडे एकच गोष्ट घडली असं समजू नका, काकू.

आणि सेम्परलाही विरोध झालाच. १८९३ मध्ये रीगल नावाच्या व्हिएन्नाच्या कला-इतिहासकाराने म्हटलं की हत्यार आणि मटेरियल नक्षी ठरवत नाही, माणसाला मुळातच रेघ ओढायची, जागा भरायची ओढ असते, तंत्र नंतर. मला वाटलं हाही माणूस चुकीचा नाही, कारण माझी फणी चौथ्यांदा का थांबली नाही? सांधा वगैरे काही पक्का करायचा नव्हता मला. तिसरा बोआस, मानववंशशास्त्रज्ञ, त्याने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमध्ये बघितलं की एकाच नक्षीचा अर्थ दोन बायका दोन सांगतात. एक म्हणते तंबू, दुसरी म्हणते डोंगर. नक्षी आधीपासून आहे, अर्थ ज्याचा त्याने घातलाय. इथे मी मागे वळून बघितलं, मॅडम फोनवर होत्या.

वर्कशॉपमधला सगळ्यात चांगला प्रयोग मात्र चाकावर झाला आणि तो दहा मिनिटांचाच होता. दादांनी तयार मडकं चाकावर मधोमध ठेवलं, काडीचं टोक चावून त्याचा ब्रश केला, काळ्या मातीच्या पाण्यात बुडवला आणि फक्त टेकवला. हात हलवला नाही. चाक फिरलं, भांड्याला काळी पट्टी. ब्रश दोन बोटं खाली, दुसरी पट्टी. आता दोन पट्ट्यांमध्ये मोकळी जागा दिसते आणि ती भरल्याशिवाय चैन पडत नाही, तिथे तिरक्या रेघा येतात, त्रिकोण येतात, जाळी येते. जोर्वेची भांडी अशीच आहेत. संगमनेरजवळच्या जोर्वे गावावरून नाव पडलेली, लालसर अंगावर काळी नक्षी, इ.स.पू. १४०० च्या आसपास सुरू झालेली, इतकी छान भाजलेली की वाजवली तर खणकन वाजतात. आणि नक्षी कुठे असते तर खांद्यावर, गळ्याखाली. पोटाच्या खाली क्वचितच. का, तर भांडं जमिनीवर ठेवलेलं, आपण उभे किंवा पाटावर बसलेले, दिसतो तो खांदाच, आणि बूड चुलीत नाहीतर मातीत. घरी येऊन स्वयंपाकघरातला तांब्या बघा, कोरीवकाम असेल तर ते कुठे आहे. मला हे कळल्यावर उगीचच इतका आनंद झाला की मी ट्रेनमध्ये मावशीला दोनदा सांगितलं.

एकात एक वर्तुळंही तशीच. ग्रीसमध्ये इ.स.पू. १०५० नंतरच्या भांड्यांवर इतकी अचूक वर्तुळं आहेत की एका दांड्याला अनेक ब्रश लावून कर्कटकासारखं फिरवलं असणार असं मानतात, मधोमध टोचल्याची खूण पण दिसते. आणि हडप्पाची एकमेकांत अडकलेली वर्तुळं, ज्यातून चार पाकळ्यांचं फूल दिसतं, ती तर भांड्यांवर आहेतच, कालीबंगनला एका फरशीच्या विटांवरही आहेत. मॅडमच्या स्लाइडवर ते ‘आत्म्याचं कमळ’ होतं. माझ्या सातवीतल्या पोरीला फोटो दाखवला तर म्हणाली, हे? हे आम्ही गणिताच्या ऑफ पिरियडला करतो. कंपास उघडून तीन मिनिटांत काढून दाखवलं. फूल कोणी काढत नाही, वर्तुळं काढायची, फूल मध्ये आपोआप येतं. मग पुढे कोणीतरी त्या फुलाला रंग भरतं, देठ लावतं, आणि मग ते फूल होतं.

आता इतकं सगळं वाचून असं वाटेल की मी म्हणतेय अर्थ नसतोच. तसं नाही. इराणमध्ये सुसाला सहा हजार वर्षांपूर्वीचे उंच पेले सापडलेत, थडग्यांमधले, त्यावर एक डोंगरी बकरा आहे, दोन त्रिकोणांचं अंग आणि त्यावर शिंगं एवढी मोठी की पूर्ण गोल वळून सगळी चौकट भरून टाकतात. वर लांब लांब माना केलेले पक्षी ओळीने. तिथे काहीतरी मनात होतं नक्की. हडप्पाच्या ज्या दफनभूमीला ‘एच’ म्हणतात तिथल्या कुंभांवर मोर आहेत आणि काही मोरांच्या पोटात छोटासा माणूस काढलाय. मेलेल्या माणसाची हाडं ठेवायच्या कुंभावर मोराच्या पोटात माणूस, ते काय फणी फिरवताना सहज आलं नसणार. पण म्हणजे नक्की काय, ते काढणाऱ्याबरोबर गेलं. आणि एक सावधगिरीची गोष्ट, इराकमध्ये समारा इथला एक प्रसिद्ध वाडगा आहे, बर्लिनला असतो, त्याच्या मधोमध स्वस्तिक आहे म्हणून लोक त्यावर काय काय लिहितात. प्रत्यक्षात वाडगा तुकड्यांत मिळाला आणि मधला स्वस्तिकाचा भाग नंतर जोडताना भरून काढलेला आहे. मॅडमच्या स्लाइडवर तोही होता. पोरीने हे सांगितलं तेव्हा मॅडम पुढच्या रांगेत बसल्या होत्या, चेहरा बघण्यासारखा होता.

पण मला आठवण राहील ती वेगळीच. मावशीने विचारलं, इनामगावात लहान मुलं पुरलेली सापडली होती ना? पोरगी म्हणाली हो, घराच्या जमिनीखाली, दोन कुंभ तोंडाला तोंड लावून आडवे ठेवलेले आणि आत मूल. मावशीने विचारलं, मग त्यावर कसली नक्षी असते? पोरगी म्हणाली, नक्षी नसते काकू, ते कुंभ बहुतेक साधे करडे असतात, हाताने केलेले. नक्षीचे लाल ते रोजच्या खाण्यापिण्याचे. मावशी काही बोलली नाही. मीपण नाही. म्हणजे ज्या भांड्यात सगळ्यात जास्त काही ठेवलं होतं त्यावर एक रेघसुद्धा नाही, आणि ज्यात दूध-पेज प्यायची त्यावर जाळ्या, त्रिकोण, सगळं. सकाळच्या दीड तासात हे एकदाही आलं नाही, कारण स्लाइडवर टाकायला तिथे काही नाहीच.

आता तक्रारी, नाहीतर हा रिव्ह्यू म्हणता येणार नाही.

पहिली आणि मोठी, रंग. ‘प्राचीन पद्धतीने रंगकाम’ म्हणून जे होतं ते भाजून आणलेल्या तयार दिव्यांवर अॅक्रिलिक! अरे? जोर्वे काय, हडप्पा काय, रंग भाजायच्या आधी लावतात. गेरूसारख्या लाल मातीचा लेप, त्यावर लोखंड-मँगनीजवाल्या काळ्या मातीने रेघ, आणि मग आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत. आगीत ते मातीचंच अंग होतं, म्हणून तर तीन-चार हजार वर्षं जमिनीत राहून, धुऊन, घासूनही रेघ तशीच. अॅक्रिलिक म्हणजे वर प्लॅस्टिकची साय, घासणी लागली की सालासारखी निघते. दादांना विचारलं तर हळूच म्हणाले, गेरू मी आणतो म्हटलं होतं, पण फोटोत अॅक्रिलिक ब्राइट येतं. त्यांच्याकडेच कळलं की कच्छमध्ये खावड्याला अजून मातीचेच रंग, लाल-काळे-पांढरे, पुरुष चाकावर आणि रंगकाम पूर्ण बायकांचं. ते ऐकवायला तरी हवं होतं ना स्टेजवरून. दुर्गाशक्ती आणि स्त्रीशक्ती वीस वेळा झाली, प्रत्यक्ष रंगवणाऱ्या बायकांचा उल्लेख ताकाच्या ग्लासाशी झाला.

दुसरी, भांडी कधी मिळणार. सांगितलं दहा दिवस, लागले पाच आठवडे. यात अर्धी चूक पावसाची, मान्य. श्रावणात मुंबईच्या हवेत जाड वाटी वाळत नाही, आणि आत ओल राहिलेली भट्टीत घातली की पाण्याची वाफ होऊन भांडं फुटतं. कुंभारवाड्यातले लोक पावसात आवा लावताना म्हणूनच दहादा विचार करतात, दादा हे पहिल्याच तासात बोलले होते. पण मग बॅच पावसात ठेवता कशाला? आणि ठेवलीत तर दहा दिवस म्हणून सांगता कशाला? चार मेसेज केले, दोनांना अंगठा आला. शेवटी आणायला गेले तर माझ्या वाटीला काठापासून पोटापर्यंत तडा, वर उत्तर काय, माती आहे मॅडम, तिचा स्वभाव असतो. एका बाईंच्या पिशवीत कोणाचं तरी दुसरंच भांडं निघालं, माझ्यासमोरच उघडली त्यांनी. मावशीची छोटी वाटी मात्र सुखरूप, मुरडीसकट.

दोन मजले उतरून करी रोडहून स्लो पकडली, लेडीज डब्यात मांडीवर दोन्ही भांडी वर्तमानपत्रात गुंडाळून. परळला चढलेल्या एका आजींनी कागद बाजूला करून बघितलं, तड्यावरून बोट फिरवलं, मग सुतळीच्या ठशावरून, आणि म्हणाल्या, दोरी बांधून वाळवलंय वाटतं. घाटकोपरला उतरून गेल्या. २८०० रुपये न भरता.

मावशीच्या वाटीत सध्या ओट्यावर लसूण आहे. माझी तडकलेली बाल्कनीत, तीत पुदिना लावलाय, पाणी तड्यातून आपोआप निघून जातं त्यामुळे बरा आलाय.

जायचं असेल तर दिवाळीनंतरची बॅच घ्या. सकाळी साडेदहाला पोचायची घाई करू नका, बाराला गेलात तरी चालेल. फोन करून विचारा की मातीकामाला तेच कुंभारवाड्याचे दादा आहेत का आणि दुपारी ती पोरगी येणार आहे का, दोघांपैकी एक जरी नसेल तर राहू द्या. गुडघेदुखी असेल तर जिन्याचा विचार करा. आणि सुतळी घरून न्या, तिथली नायलॉनची आहे, तिचा ठसा अगदीच गुळगुळीत उठतो.